पानथरीची रिकामी जागा

“वाटी कुठं आहे वाटी? काशाची पाहिजे, स्टीलची चालत नाही,” मी तुझ्या घराच्या पुढच्या खोलीत उभा राहून ओरडत होतो, दिगू, आणि तू आतल्या पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडला होतास. मे महिना, दुपारचे बारा. मेहकरात त्या दिवशी असं ऊन होतं, की तुमच्या गल्लीतल्या कुत्र्यानं आपली सावली उचलून शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवली होती. मी तसं म्हणालोही. एरवी या वाक्याला तू मान वर न करता विचारलं असतंस, “कोणतं कुत्रं बे?” त्या दिवशी विचारलं नाहीस. माझं तिथंच लक्ष जायला हवं होतं.

सुमनवहिनींनी वाटी शोधून आणली. “आमच्या लग्नातली आहे,” म्हणाल्या. मी तिला तूप लावलं आणि तुझे तळपाय घासायला बसलो. आपल्याकडं हे सगळ्यांनाच ठाऊक. अंगात ऊन शिरलं की काशाच्या वाटीनं तळवे घासायचे, तळवे काळे पडतात, आणि जेवढे काळे तेवढी उष्णता बाहेर आली असं समजायचं. आदल्या दिवशी तू शिवारात मोजणीला उन्हात उभा होतास. सकाळपासून ताप, दोन उलट्या, डोकं दुखणं. मग ऊन लागलं नाही तर काय झालं? पन्हं पाजून झालं होतं, टाळूवर कांद्याचा रस झाला होता. दहा मिनिटांत तुझे तळवे तव्याच्या बुडासारखे झाले आणि मी जाहीर केलं, “वहिनी, अर्धा सूर्य काढला बाहेर. अर्धा राह्यला.”

तू हळू म्हणालास, “मास्तर, पाय दुखून राह्यले.”

“मी घासून राह्यलो म्हणून.”

“त्याच्या आधीपासून.”

मी ऐकलं आणि घासत राहिलो.

परवा तुझी तेरवी झाली. तुझा जन्म कधीचा, नोकरी किती वर्षांची, मागं कोण कोण आहे, हे लोकांनी छापलं, वाचलं, घडी घालून ठेवलं. मला त्यात भर घालायची नाही, आणि मी भर घालत नाही म्हणतो हे ऐकून तू कुठं असशील तिथं उठून बसला असशील. मला तुझ्याशी बोलायचं आहे. माझ्या पोटात एक गोष्ट आहे, ती वहिनींना सांगायची होती आणि तेरा दिवस सांगता आली नाही.

तू मोजणीचा माणूस. भूमी अभिलेखमध्ये आयुष्य घातलंस. दोन भावांच्या बांधावर उभं राहून वीतभर इकडं की वीतभर तिकडं हे सांगायचं आणि दोघांच्याही शिव्या खायच्या, हा तुझा धंदा. मी इतिहासाचा मास्तर. माझ्या वर्गात लढाई दर वर्षी मोठी होते. आपली दोस्ती कशी जमली हे गावाला कोडंच होतं. मला नव्हतं. मी सांगायचो आणि तू वजा करायचास. मी म्हणायचो, त्या रोडग्यांच्या पार्टीत मी नऊ रोडगे खाल्ले. तू भाजीचा द्रोण खाली ठेवून म्हणायचास, “साडेतीन. चौथा मास्तरनं पिशवीत घातला.” लोक माझ्या नऊला हसायचे नाहीत रे, तुझ्या साडेतीनला हसायचे. बिनमापाची गोष्ट सांगायला अंगात हिंमत लागते असं लोकांना वाटतं. मला कसली हिंमत? शेजारी मोजणारा बसलेला होता, म्हणून मी बिनधास्त फेकत होतो.

आणि माझी सगळ्यात चाललेली गोष्ट तुझीच होती. लोणारहून येताना तुझ्या मोटरसायकलला रोही, पुस्तकातली नीलगाय, आडवी आली ती. पहिल्या वर्षी मी एकच रोही सांगितली. दुसऱ्या वर्षी कळप झाला. तिसऱ्या वर्षी कळपाच्या मागं बिबट्या लागला. पुढं पुढं तर मी बाहेरगावच्या पाव्हण्यांना सांगायचो, लोणारचं मोठं सरोवर उल्केनं झालं हे खरं आहे, पण त्याच्या बाजूला जो लहान खड्डा आहे ना, तिथं आमचा दिगू पडला. तू शांतपणे म्हणायचास, “एक रोही. मादी. लहान.”

त्या लहान मादीनं तुझी पानथरी फोडली. मोटरसायकलचं हँडल डाव्या बरगडीखाली घुसलं, आत रक्त भरलं, आणि अकोल्याच्या डॉक्टरांनी पोट उघडून पानथरी, त्यांच्या भाषेत स्प्लीन, काढून टाकली तेव्हा तू वाचलास. आपल्याला तोवर पानथरी म्हणजे बोकडाच्या पोटात असते तेवढंच माहीत. माणसालाही असते आणि ती रक्तातले जंतू गाळायचं काम करते, हे मला आत्ता कळलं. या वयात, इतक्या उशिरा.

दहाव्या दिवशी मी तुला जीपनं घरी आणलं. पुढच्या खोलीत माणसं जमली होती, वहिनी उंबऱ्यावर बसल्या होत्या. दवाखान्याचं कार्ड इंग्रजीत होतं. कोणीतरी म्हणालं, मास्तर, वाचा. आणि मी उभा राहून वाचलं. फर्मान वाचतात तसं वाचलं.

“रुग्णाची पानथरी काढण्यात आली आहे. सबब पोटात एक खोली रिकामी आहे. ती भाड्यानं देणं आहे. तूर्त तिथं पुरणपोळ्या भराव्यात.”

खोली हसून हसून आडवी झाली. तू टाके धरून हसलास, “नको बे, दुखते,” म्हणत हसलास. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. मला कोणी जहागिरी दिल्यासारखं झालं. त्यानंतर मेहकर तालुक्यात एक लग्न असं झालं नसेल, जिथं पंगतीत मी तुझ्या पोटाची ती खोली उघडून दाखवली नाही. वाढणाऱ्याला ओरडून सांगायचो, “याले दोन जास्त वाढ, याच्याकडे जागा आहे.”

आता ती गोष्ट ऐक. कार्डावर खाली आणखी चार ओळी होत्या. मी त्या वाचल्या होत्या. मला त्या कळल्याही होत्या. लिहिलं होतं की अमुक तीन लसी घ्याव्यात, त्यातली एक मेनिंगोकॉकलची. आणि त्याच्याखाली, अधोरेखित करून: कधीही ताप आला, तर घरी थांबू नये, लगेच दवाखान्यात यावं. मला वाटलं, हे नंतर सांगू. आत्ता खोली हसते आहे. मग कार्ड कपाटात गेलं, आणि माझा विनोद तेवढा बाहेर राहिला.

तू मात्र विसरला नव्हतास. दोन वर्षांनी तुमच्या ऑफिसातले नझीरभाई हजला जाऊन आले. त्यांना जायच्या आधी मेंदूच्या तापाची सुई टोचली होती. तू त्या संध्याकाळी माझ्याकडं येऊन विचारलंस, “मास्तर, नझीरभाईले जे इंजेक्शन देल्लं, तेच माह्या कार्डावर होतं काय?”

“तू काऊन विचारून राह्यला? हजले चालला काय?”

“तसं नाही बे. डॉक्टरनं काही म्हटलं होतं.”

“लहान लेकरायचे डोस घेणार काय आता? मांडीवर घेऊन जाऊ काय तुले?”

तू जरा हसलास. मग म्हणालास, “पाहू एखाद्या दिवशी. बुलढाण्याले काम निघालं की विचारतो.” आपला वाद तिथंच राहिला. हा वाद तू जिंकायचा होतास, दिगू. आयुष्यभर माझ्या नऊचे साडेतीन करणाऱ्या माणसानं, नेमकं त्या दिवशी माझं म्हणणं जसंच्या तसं धरलं.

त्या दुपारी काय काय झालं, ते आता तुझ्या पद्धतीनं सांगतो. वाढवत नाही.

सकाळी सातला तू वहिनींना म्हणालास, थोडं अंग मोडून आलं. तू ‘थोडं’ म्हणालास की त्याचा अर्थ काय, हे मला माहीत असायला हवं होतं. पोटात पानथरी फुटली होती तेव्हाही तू जीपमध्ये ‘थोडं दुखते’ म्हणाला होतास. नऊला थंडी वाजून ताप. दहाला उलटी. डोकं इतकं दुखत होतं की तू खिडकी लावायला सांगितलीस, उजेड सहन होईना. अंग तापलेलं आणि हात-पाय मात्र गार. मी तळवे धरले तेव्हा ते गार होते. उन्हाचा माणूस असा गार कसा, हा प्रश्न मला पडला नाही. मी म्हणालो, पन्ह्यानं गारवा आला.

एकच्या सुमाराला वहिनींनी तुझ्या पायावरची चादर सरकवली. “भाऊजी, हे काय आहे?”

घोट्याच्या वर ठिपके होते. लालसर जांभळे, शाईचा पेन झटकल्यासारखे.

“वाटी लागली जोरात,” मी म्हणालो.

“वाटी तं तुम्ही तळव्याले घासून राह्यले. हे वर कसे आले?”

त्यांनी पदराचं टोक ओलं करून पुसून पाहिलं. गेले नाहीत. बोटानं दाबून पाहिलं, बोट काढलं, तरी ठिपका होता तसाच. मग त्यांनी तुझा सदरा वर केला. पोटावर, त्या जुन्या टाक्यांच्या आजूबाजूला, तसेच ठिपके. वहिनी माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “इथं कोणं घासली वाटी?”

मी वाटी खाली ठेवली आणि ऑटो आणायला पळालो.

तुला उठवून बसवलं तेव्हा तुझी मान पुढं वाकेना. तू वहिनींना तुझ्या बहिणीच्या नावानं हाक मारलीस आणि म्हणालास, हद्दीचा दगड कोणी सरकवला. ऑटोत तू माझ्या मांडीवर डोकं ठेवलं होतंस. मी रस्ताभर तुला रोहीची गोष्ट सांगत होतो. एक होती म्हणालो, दिगू, एकच होती, मादी होती, लहान होती.

चौकातल्या डॉक्टरांनी टेबलावरचा काचेचा ग्लास उचलला आणि तुझ्या दंडावरच्या ठिपक्यावर दाबून धरला. मला वाटलं हे काय चाललंय. ते म्हणाले, “काचेतून पाहा. साधं पुरळ दाबलं की फिकं होतं. हे होत नाही. हे कातडीखालचं रक्त आहे.” आणि लगेच, त्याच श्वासात, “याची पानथरी काढलेली आहे का?”

सहा वर्षं मी त्या पानथरीवर अख्खा तालुका हसवला. उत्तर वहिनींनी दिलं.

त्यांनी तिथंच शिरेतून इंजेक्शन दिलं, ॲम्ब्युलन्स बोलावली, अकोल्याला फोन केला. त्यांनी एक मिनिट वाया घालवलं नाही. वाया गेलेली मिनिटं सगळी आमची होती. तू दुसऱ्या दिवशी दुपारी गेलास. रक्ताच्या तपासणीत तेच नाव आलं, मेनिंगोकॉकल. एवढं लांब नाव की त्याला लोणार बसमध्ये दोन सीट धराव्या लागतील. बघ, इथंही माझी सवय जात नाही.

नंतर डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना आणि मला बोलावून कॅप्सूल दिल्या. हा जंतू एका घरात राहणाऱ्यांना, जवळ बसणाऱ्यांना, खोकल्यातून-थुंकीतून लागू शकतो म्हणून. दोन दिवस त्या घ्यायच्या. त्यानं लघवी केशरी होते हे त्यांनी आधी सांगितलं होतं, तरी पहिल्या सकाळी मी घाबरून ओरडलोच. तू असतास तर या केशरी रंगावर आपण तीन वर्षं काढली असती. मी एकटाच मोरीत उभा होतो. हसू आलं, आणि ते कोणाला सांगावं हे कळेना.

मी डॉक्टरांना विचारलं, “लस घेतली असती तर वाचला असता?” ते म्हणाले, “हमी कोणी देत नाही. या जंतूचे प्रकार आहेत, लस सगळ्यांवर नसते. पण घेतली असती तर धोका पुष्कळ कमी झाला असता. आणि पानथरी नसलेल्यानं ती एकदा घेऊन भागत नाही, काही वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते. ज्यांची पानथरी आहे पण काम करत नाही, सिकलसेलवाले, त्यांनीही विचारून घ्यायला पाहिजे.” मग म्हणाले, “आणि ताप आला त्या तासाला आले असते तर मला जास्त वेळ मिळाला असता.” त्यांनी वाटीचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी मी जानेफळला गेलो. तिथं एका ट्रॅक्टरवाल्याची अशीच पानथरी काढली आहे असं कानावर आलं होतं. तो अंगणात नांगराचा फाळ काढत बसला होता. मला पाहून म्हणाला, “तुम्ही ते रोहीवाले मास्तर ना?”

“हाव.”

मी त्याला सांगितलं. ताप, डोकं, उलटी, मान आखडणं, उजेड न सोसणं, पाय दुखणं, हात-पाय गार पडणं, माणूस बरळायला लागणं. ठिपके दिसायची वाट पाहायची नाही, ते कधी उशिरा येतात, कधी येतही नाहीत. आणि त्या आधी, आज धडधाकट असताना, जाऊन लस विचारायची. त्यानं फाळ खाली ठेवला.

“मास्तर, तुमच्या गोष्टीतलं किती धरू?”

“सगळं धर.”

“सगळं?”

“तुझ्यासारखाच एक माणूस होता. त्याले मी कमी सांगितलं.”

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, बुलढाण्याला जाऊन विचारलं, एक टोचली, बाकीच्यांच्या तारखा दिल्या. दंड दुखतो म्हणाला. मी म्हणालो, दुखू दे. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मला तुझ्यासाठी मोकळं रडू आलं, दिगू. त्यात दुःख किती आणि दुसरं काही किती, हे मोजायला तू पाहिजे होतास.

मग तेरवी. पंगत उठल्यावर तुमच्या ऑफिसातली माणसं मांडवात बसली होती. त्यातला एक, चांगल्या मनानं, वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून म्हणाला, “मास्तर, साहेबाची ती रोहीची गोष्ट सांगा ना. त्यायले आवडायची.” सगळे माझ्याकडं वळले. नझीरभाईसुद्धा होते, कोपऱ्यात, रुमाल हातात. मी सुरुवात करायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून तेवढंच आलं जेवढं तू सांगायचास. एक रोही. मादी. लहान. त्यांनी पुढची वाट पाहिली. पुढं काही नव्हतं. माझी गोष्ट एवढीशीच होती, आणि तिला मी सहा वर्षं फुगवत होतो ते तू टाचणी घेऊन शेजारी बसला होतास म्हणून.

मी उठलो आणि मागच्या बाजूला गेलो. वहिनी एकट्या होत्या, धुतलेली पातेली उन्हात उपडी घालत होत्या. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. म्हणालो, वहिनी, त्या कार्डावर खाली लसी लिहिल्या होत्या. ताप आला तर थांबू नका असं लिहिलं होतं. मी वाचलं होतं, मला समजलं होतं, आणि मी त्याच्या जागी पुरणपोळ्या सांगितल्या. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं. त्याला मी सांगितलं असतं तर त्यानं घेतली असती. तो कागदावरचं पाळणारा माणूस होता. नंतर त्यानं आपण होऊन विचारलं, तेव्हाही मी त्याला हसण्यावारी नेलं. मी क्षमा मागितली नाही, कारण ती मिळाली असती तर मला काय करावं ते कळलं नसतं. नाही मिळाली असती, तरीही.

वहिनींनी हातातलं पातेलं उपडं घातलं. दुसरं उचललं. माझ्याकडं पाहिलं, रागानं नाही, मायेनंही नाही, ओळखीच्या माणसाकडं पाहतात तसं.

“अकोल्याच्या सिस्टरनं मले लसीचं, तापाचं सगळं मराठीत सांगितलं होतं, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही वाचलं तवा मीबी हासली.”